मूल समितीसमोर जाते तेव्हा

कायदा आणि कुटुंब : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बाल कल्याण समितीविषयी, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीविषयी, एका वाचकाला थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातील मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत किंवा बदलले आहेत.

प्रश्न : माझी बहीण दोन वर्षांपूर्वी वारली. मेहुणे दारूच्या आहारी गेले आहेत. शेजाऱ्यांनी मुलांच्या मदतीच्या १०९८ (चाइल्डलाइन) क्रमांकावर फोन केल्यानंतर अकरा वर्षांची भाची आणि सात वर्षांचा भाचा यांना सोलापूर जिल्ह्यातील समितीसमोर हजर करण्यात आले आणि आता दोघे वेगवेगळ्या बालगृहांत आहेत. मी पुण्यात राहतो, मुले सांभाळायला तयार आहे. समितीकडे गेलो की ‘गृहचौकशी अहवाल येऊ द्या’ एवढेच सांगितले जाते. चाळीस दिवस झाले. मेहुणे म्हणतात, मुले माझी आहेत, मलाच परत द्या. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील चाळीस दिवस हा आकडा मी दोनदा वाचला. समितीवर तीन वर्षे सदस्य म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट हीच होती, की मोठ्यांच्या फायलीत महिना म्हणजे एक तारीख असते आणि सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तोच महिना फार लांब असतो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखून मुदती घातल्या आहेत. कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरची व परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवी, ती अशासाठी की मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता यावा. तेव्हा ‘अहवाल येऊ द्या’ या उत्तरावर आपण थांबू नये.

आधी समिती म्हणजे काय ते पाहू, कारण तिच्यासमोर कसे उभे राहायचे हे त्यावर अवलंबून आहे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते, आणि खंडपीठ म्हणून बसल्यावर तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. असे असले तरी ती फौजदारी न्यायालयासारखी चालत नाही. तेथे आरोपी नसतो. नियमांनुसार सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसायचे नसते, मुलाला पिंजऱ्यात उभे करायचे नसते. मेहुण्यांना शिक्षा करायची की नाही हा प्रश्न समितीपुढे नाहीच. ही दोन मुले कोणाजवळ सुरक्षित राहतील आणि कोणाजवळ मोठी होतील, एवढेच तिला ठरवायचे असते. म्हणून मेहुण्यांच्या दोषांची यादी वाचून दाखवण्यात आपली सुनावणी खर्च करू नये. आपले घर, आपली तयारी आणि मुलांचे आपल्याशी असलेले नाते दाखवण्यात ती खर्च करावी.

आता कामाचे. समितीला लेखी अर्ज द्यावा, त्यात आपण मुलांचे सख्खे मामा आहोत आणि ‘सुयोग्य व्यक्ती’ म्हणून त्यांचा ताबा घेण्यास तयार आहोत असे स्पष्ट लिहावे, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी विनंती फायलीत राहत नाही. आपण दुसऱ्या जिल्ह्यात राहत असल्याने सोलापूरच्या समितीला आपल्या घराची चौकशी पुण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मागवावी लागते, आणि माझ्या अनुभवात विलंब बहुतेक वेळा याच टप्प्यावर होतो. पत्र सोलापुरातून निघाले का, त्याचा जावक क्रमांक काय, पुण्याच्या कक्षात ते कोणत्या तारखेला पोहोचले, हे स्वतः विचारून घ्यावे. घरी येणाऱ्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला वा समाजसेवकाला बहिणीचा मृत्यूचा दाखला, नाते सिद्ध करणारी कागदपत्रे, शिधापत्रिका, राहण्याचा व उत्पन्नाचा पुरावा, आणि जवळच्या शाळेत प्रवेश मिळेल याविषयीचे पत्र तयार ठेवून दाखवावे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या पत्नीचे मत. अधिकारी त्यांच्याशी वेगळे बोलतात आणि बोलायलाच हवे, कारण रोजच्या सांभाळातला मोठा भार त्यांच्यावर येणार आहे. त्यांच्या मनात शंका असेल तर ती आधी घरात बोलून घ्यावी.

दरम्यान मुलांना भेटत राहावे. बालगृहातील भेटीच्या वहीत आपली सही दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला दिसली, तर अहवालातील चार परिच्छेदांपेक्षा ती समितीला जास्त सांगते. मुलामुलींची बालगृहे बहुधा वेगळी असतात आणि आई गेलेल्या भावंडांची त्यामुळे दुसऱ्यांदा ताटातूट होते. दोघांच्या नियमित भेटी घडवून आणाव्यात अशी मागणी त्याच अर्जात करावी. कायद्याच्या मूलतत्त्वांत कुटुंबाची जबाबदारी, मुलाचे ऐकून घेणे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानणे ही तत्त्वे कलम ३ मध्येच नोंदलेली आहेत. अकरा वर्षांच्या भाचीला समितीने काय वाटते ते विचारायला हवे; विचारले नसेल तर ‘मुलीचे म्हणणे नोंदवावे’ असेही अर्जात लिहावे.

मेहुण्यांविषयी मला आपल्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. ते मुलांचे नैसर्गिक पालक आहेत. त्यांनी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, घर सावरले आणि समितीला खात्री पटली, तर देखरेखीखाली मुले त्यांच्याकडे परत देण्याचा आदेश होऊ शकतो, कारण जन्मदात्या घराकडे परत नेणे हेच कायद्याला पहिल्यांदा अभिप्रेत आहे. तसे झाले तर ती आपली हार समजू नये. उलट, बाप सुधारण्याच्या वाटेवर असताना मुले मामाच्या घरी राहावीत आणि बापाच्या भेटी चालू राहाव्यात, असा मधला मार्ग आपणच समितीपुढे मांडला तर आपल्या हेतूविषयी संशय राहत नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत असे मार्ग टिकले आहेत.

समितीने आपल्याला ताबा दिला तरी तो कायमचे पालकत्व नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. कायमस्वरूपी पालक म्हणून नेमणूक हवी असेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली, मुले जेथे नेहमी राहतात तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. तेथे मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. नातेवाईक विरुद्ध वडील अशा वादात न्यायालये काय पाहतात याचा अंदाज दोन निकालांवरून येतो. मे २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात आई कर्करोगाने गेल्यावर मावशीकडे वाढत असलेले लहान मूल सर्वोच्च न्यायालयाने वडिलांकडे दिले, कारण वडील सर्वार्थाने योग्य होते. मात्र मावशीला भेटीचा हक्क ठेवला. जून २०२२ मध्ये, कोविडमध्ये आईवडील दोघेही गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा त्याच न्यायालयाने मावशीऐवजी आजी-आजोबांना दिला आणि केवळ वय व उत्पन्न यांवरून आजी-आजोबांना नाकारता येत नाही असे म्हटले. म्हणजे ‘वडील की नातेवाईक’ याचे ठरलेले उत्तर नाही. त्या मुलाचे हित प्रत्येक वेळी नव्याने पाहिले जाते.

समितीचा आदेश मान्य नसेल तर आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी. आदेशच होत नसेल तर समितीच्या कामकाजाविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून घ्यावा. मुले आपल्याकडे आल्यावर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावा. प्रत्येक मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळतात आणि एक पालक गमावलेली मुलेही त्यात बसतात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. चौथीतील एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि तो चुलत्याकडे राहतो. त्याच्या हातावर चटक्याच्या खुणा दिसल्या. विचारले तर गप्प राहतो. गावातले म्हणतात, ‘बाई, तक्रार केली तर पोराला रिमांड होममध्ये टाकतील आणि आईबापावर केस होईल.’ मुलाचे वाईट तर होणार नाही ना?

उत्तर : गावकऱ्यांच्या भीतीचे मूळ जुने आहे. मुंबई प्रांतात मुलांचा पहिला कायदा १९२४ साली झाला. भीक मागणारा, हरवलेला, मार खाणारा आणि चोरी करताना सापडलेला मुलगा यांची गाठ त्या काळात एकाच ‘रिमांड होम’शी पडे. आज या दोन वाटा कायद्याने पूर्ण वेगळ्या आहेत. गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे जाते आणि गरज पडल्यास निरीक्षणगृहात राहते. आपला विद्यार्थी काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आहे. त्याची वाट बाल कल्याण समितीकडे जाते आणि तेथून थेट बालगृहातच जाते असेही नाही.

आपण १०९८ वर कळवावे किंवा समितीला पत्र द्यावे. पोलीस, चाइल्डलाइन, समाजसेवक, डॉक्टर, परिचारिका, कोणताही नागरिक आणि स्वतः मूलही समितीसमोर जाऊ शकते. मुलाला ताब्यात घेतले तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत समितीसमोर हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेही नेता येते. माझ्या कार्यकाळात रात्री अकरानंतर दारात आलेली मुले मला आठवतात. त्या वेळी करायचे काम एकच असते, आजची रात्र ते कोठे सुरक्षित झोपेल ते पाहणे.

आईवडिलांवर केस होईल का? मुलावर क्रौर्य करणाऱ्यावर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, आणि ती ज्याने चटके दिले त्याच्याविषयी आहे. याच कलमात एक माणुसकीची तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जन्मदात्या आईवडिलांनी परिस्थितीपुढे हतबल होऊन मुलाला मागे ठेवले असेल, तर ते हेतुपुरस्सर केले असे मानले जात नाही. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोचा कोयता कारखान्याच्या वाटेला लागला, पोर मागे राहिले, यात त्यांची निवड किती होती हे आपण माझ्याहून चांगले जाणता. समिती त्यांना फोनवरून किंवा बोलावून विचारू शकते, मुलाला आजीकडे ठेवू शकते, किंवा आपल्या भागातील हंगामी वसतिगृहाचा पर्याय पाहू शकते. हा पर्याय आपणच आपल्या पत्रात सुचवा. गावातली सोय समितीला माहीत असतेच असे नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये. काय दिसले, कोणत्या तारखेला दिसले आणि मूल आपणहून काय बोलले तेवढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आणि हे शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर जाऊ देऊ नये, फोटो तर मुळीच नाही. खुणांबरोबर लैंगिक अत्याचाराची जराही शंका आली तर मात्र कळवावे की नाही हा विचार करण्याची मुभाच उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा प्रकरणात पोलिसांनी चोवीस तासांत समितीला कळवायचे असते, आणि तपास व खटल्याच्या काळात मुलाच्या सोबतीला समिती साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेशाविना, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी जबाब घ्यावा आणि न्यायालयातील प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जावेत, असेही त्या कायद्यात आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पुण्याहून मुलाकडे कॅलिफोर्नियात आलो आहोत. आठ वर्षांच्या नातवाच्या पाठीवरील वळ शाळेत दिसले आणि शाळेने कळवले. गुरुवारी समाजसेविका व पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. नातू अमेरिकेतच जन्मला आहे. आमचे दूतावास काही करू शकेल का? आम्हाला नातू मिळेल का?

उत्तर : आपले पत्र ईमेलने येताच आपल्याला थोडक्यात कळवले होते, येथे विस्ताराने लिहितो. तेथील वकिलाच्या सल्ल्याची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही.

आपल्याकडे समिती जे काम करते ते तेथे न्यायाधीश करतात. त्या न्यायालयाला डिपेंडन्सी कोर्ट म्हणतात. मूल ताब्यात घेतल्यावर सुट्टीचे दिवस वगळून ४८ तासांत अर्ज दाखल व्हावा लागतो आणि त्यापुढील कामकाजाच्या दिवशी पहिली सुनावणी होते. परवडत नसेल तर आईवडिलांना न्यायालय वकील देते, आणि मुलालाही स्वतःचा वकील मिळतो. आईवडिलांनी पहिल्याच दिवशी वकील मागावा आणि इंग्रजीत मन मोकळे करता येत नसेल तर मराठी दुभाषा मागावा. अर्धे समजून दिलेले ‘हो’ नंतर परत घेणे फार कठीण असते.

मूल घराबाहेर ठेवलेले असेल तर आरोप खरे आहेत का याची सुनावणी पंधरा न्यायालयीन दिवसांत ठरते. त्यानंतर मुलाने कोठे राहायचे हे ठरवताना घरातून काढून ठेवण्यासाठी न्यायालयाला अधिक भक्कम पुरावा लागतो. आईवडिलांना समुपदेशन, पालकत्वाचे वर्ग असा आराखडा दिला जातो आणि दर सहा महिन्यांनी आढावा होतो. तीन वर्षांवरील मुलासाठी हा काळ साधारण बारा महिन्यांचा असतो, काही बाबतींत तो अठरा महिन्यांपर्यंत वाढतो. ‘आमच्याकडे मुलांना शिस्त अशीच लावतात’ हे वाक्य आपल्या मुलाने तेथे बचाव म्हणून उच्चारू नये. कॅलिफोर्नियाचा कायदा मुलाच्या पार्श्वभागावर दिलेली वयाला साजेशी, इजा न करणारी चापट गंभीर इजेत धरत नाही. पाठीवरचे वळ हा वेगळा विषय आहे, आणि आपल्याकडील समितीनेही त्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले असते.

दूतावासाविषयी गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. १९६३ च्या व्हिएन्ना करारात अल्पवयीन परदेशी नागरिकासाठी पालक नेमायची वेळ आल्यास वाणिज्य दूतावासाला कळवण्याची तरतूद आहे. आपला नातू जन्माने अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे त्या तरतुदीचा आधार त्याला मिळणार नाही. आईवडील भारतीय नागरिक असतील तर ते आपल्यापुरती मदत मागू शकतात, पण न्यायालयाचा निर्णय दूतावास बदलू शकत नाही.

आपला आधार दुसरीकडे आहे. तेथील समाजसेवकांना तीस दिवसांत मुलाचे नातेवाईक शोधून कळवावे लागते, आणि आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांचा विचार इतरांच्या आधी करावा लागतो. आपला व्हिसा थोड्या मुदतीचा असल्याने दीर्घकाळ नातू आपल्याकडेच राहणे अवघड दिसते. पण तेथे स्थायिक असलेले नातेवाईक, किंवा मुलाचा जवळून परिचय असलेले स्नेही यांची नावे समाजसेविकेला आजच लेखी द्यावीत. अनोळखी घरात वरणभाताशिवाय आणि मराठी शब्दाशिवाय राहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला ओळखीचे घर मिळाले तर त्याचे महिने सुसह्य होतील. भेटींची वेळ चुकवू नये. मूल दहा वर्षांचे झाले असते तर त्याला सुनावणीची सूचना मिळाली असती. आठव्या वर्षी त्याचे म्हणणे त्याच्या वकिलामार्फत पोहोचते. म्हणून त्या वकिलाशी घरच्यांनी आदराने वागावे, ते आपल्या विरुद्ध पक्षाचे नाहीत.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची, अविवाहित आहे. घरच्यांच्या दबावाखाली पाच आठवड्यांपूर्वी समितीसमोर बाळ सोडल्याच्या कागदावर सही केली. मला ते परत हवे आहे. आता उशीर झाला का?

उत्तर : नाही. आपले पत्र मिळाले त्याच दिवशी आपल्याला हे दूरध्वनीवरून सांगितले होते, आणि आपल्या परवानगीने येथे छापत आहोत, कारण हाच प्रश्न मनात घेऊन बसलेल्या आणखी कोणी असू शकतात.

कलम ३५ प्रमाणे बाळ सोपवण्याच्या दस्तावर सही झाल्यापासून फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. तेवढ्या काळात बाळ कोणालाही दत्तक देता येत नाही. आपण समितीला साध्या कागदावर ‘मी माझा निर्णय मागे घेत आहे, बाळ मला परत द्यावे’ असे लिहून द्यावे, तारीख घालावी आणि शिक्क्याची प्रत घ्यावी. वडिलांची, भावाची किंवा बाळाच्या पित्याची सही लागत नाही. आपण सज्ञान आहात. समिती आपल्याशी बोलेल, कोठे राहणार, बाळाला कसे वाढवणार हे विचारेल. हे प्रश्न आपल्याला अडवण्यासाठी नसतात. घरी जाणे शक्य नसेल तर तेही तेथेच सांगावे, म्हणजे आपल्यासाठी व बाळासाठी निवाऱ्याची सोय त्याच वेळी पाहता येईल. आपली ओळख गुप्त ठेवणे समितीवर बंधनकारक आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्री म्हणून आपल्याला मोफत मिळतो.

दोन महिने उलटल्यावर समिती बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करू शकते. दत्तकाचा आदेश झाला की बाळ सर्वार्थाने नव्या आईवडिलांचे होते. म्हणून दिवस महिन्यांत मोजू नयेत. दस्तावरील तारीख पाहावी, साठावा दिवस कोणता ते लिहून ठेवावे, आणि तो रविवारी किंवा सुट्टीला येत असेल तरी वाट न पाहता या आठवड्यातच अर्ज द्यावा.